तंबोऱ्याचा दोरा

"हे कुठल्या गवंड्याचं काम असेल, ओळखा बघू चाचा?"

मिहिरनं मोबाईल चाचांच्या नाकासमोर धरला.

चाचांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला. फोटो बघितला. बराच वेळ बघितला…

मग चष्मा परत वर गेला, आणि ते हातातल्या स्क्रूकडे वळले.

मीही डोकावलो. एका हेडफोनच्या उजव्या वाटीच्या आतला फोटो होता. तारेच्या मधोमध आवाज दाबणारा, मण्याएवढा रेझिस्टर जोडलेला, आणि जोडावर टेप नाही, नळी नाही, चक्क पांढरा दोरा गुंडाळलेला. हजारोंच्या परदेशी हेडफोनात दोरा! मी मोठ्यानं हसलो. ते हसणं आठवलं की अजून माझी मलाच लाज वाटते.

मी त्या दुकानात काय करत होतो, तेही सांगून टाकतो. माझा ट्रान्झिस्टर तिथं तीन महिने पडून होता. तक्रार करायची हिंमत नव्हती, म्हणून रोज येऊन त्याच्याशेजारी बसायचो.

बाबालालचाचांचं दुकान मिरजेत, तंबोरे आणि सतारी बनतात त्या गल्लीच्या तोंडाशी. वडील तंबोरे करायचे. चाचांनी रेडिओ धरला, मग टेपरेकॉर्डर, आणि त्यांचे दिवस संपल्यावर हेडफोन. लोकांनी वापरून विकलेले, कुणी हौसेनं विकत घेतलेले, महागडे. ते येताना कसेही येत, कुरिअरनं, एस.टी.च्या पार्सलनं. जाताना मात्र मालकानं स्वतः यायचं, समोरच्या स्टुलावर बसायचं आणि आपलं गाणं आपल्या कानांनी ऐकायचं. तोवर चाचा वाटीचे स्क्रू पुरते आवळत नसत.

मिहिर पोतदार याच दुकानात दोन वर्षं शिकला. मग पुण्याला गेला आणि नाव काढलं. जुने हेडफोन घ्यायचे, नव्यासारखे करायचे, विकायचे. त्याचा कान तयार आहे असं सगळे म्हणत. तो स्वतः जरा जास्तच वेळा म्हणत असे.

"नेटवर टाकला हा फोटो," मिहिर म्हणाला. "चारशे लोक हसले."

"हं."

"मी मिरजेचा, म्हणून एकानं विचारलं, आत भोपळा पण आहे का!"

चाचा हसले नाहीत. "काढलास?"

"मग काय ठेवतोय? कापलं, तार सरळ जोडली. आता बघा."

त्यानं डबा उघडला. आत तोच हेडफोन होता. काळा, जड, कुशन नवीकोरी, वायर नवी. बघूनच कुणालाही डोक्यावर घालावासा वाटेल असा.

"काढलेलं कुठाय?"

"ते? कचऱ्यात."

"दोरापण?"

"चाचा, दोरा कोण ठेवतं?"

चाचांनी हेडफोन हातात घेतला. उजव्या वाटीवरून अंगठा फिरवला…

"हे चूक हाय, ते कशानं कळलं तुला?"

"उजवी बाजू डावीपेक्षा हळू वाजत होती. चांगलीच हळू. मशीनवर लावून बघितलं ना."

"मशीनला कान किती?"

"दोन मायक्रोफोन असतात."

"दोन्ही सारखे?"

"अगदी सारखे."

"हं," चाचा म्हणाले.

त्या 'हं'मध्ये काहीतरी होतं. मिहिरला ते ऐकू आलं नाही, मलाही नाही. आम्ही दोघंही त्या फोटोवर खूश होतो.

"मालक कोण?"

"आता मीच. आधी सांगलीचे कुणी सोमण होते."

चाचांचा अंगठा थांबला.

"त्र्यंबकराव?"

"तुम्ही ओळखता?"

"पुढं बोल."

मिहिर स्टुलावर बसला आणि रंगात आला. त्याला गोष्ट सांगता येते, हे मान्य करायला हवं.

"चैत्रात कुरिअरनं पाठवला त्यांनी. कुशन फाटलंय, वायर तुटलीय, एवढंच करा म्हणाले. मिरजेत कुणीतरी माझं नाव सांगितलं म्हणे. मी केलं, वर हे गवंडीकाम पण काढून दिलं, फुकटात. परत पाठवला. महिन्यानं फोन आला. म्हणाले, हेडफोन उत्तम झालाय हो, माझाच डावा कान गेला."

"गेला?"

"अचानक म्हणे. आता याचा मला उपयोग नाही, तुम्ही घेऊन जा. गेल्या आठवड्यात सांगलीला जाऊन आणला. नाही म्हणत होते, पण मी पैसे बळेच दिले. फार सरळ माणूस. बोलताना सारखं असं करतात."

त्यानं मान वाकडी केली आणि उजवा कान पुढं काढला. नक्कल झकास होती.



तो कान मी बघितला होता. चैत्रात चाचांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, दुकान बंद होतं. एक म्हातारे गृहस्थ डबा छातीशी धरून कुलपासमोर उभे होते. मी विचारलं, तर त्यांनी अशीच मान वळवून उजवा कान पुढं केला. मीच त्यांना म्हणालो, चाचा आता काही लवकर उघडत नाहीत, पुण्याला मिहिर पोतदार आहे, त्याला पाठवा, तो चाचांपेक्षाही साफ काम करतो. ते म्हणाले, वाट बघितली असती, पण ऐकल्याशिवाय दिवस जात नाही.

हे सगळं मला तेव्हा सांगता आलं असतं. मी ट्रान्झिस्टरचं बटण फिरवत बसलो.

"काय ऐकायचे ते?" चाचांनी विचारलं. त्यांना ठाऊक असणार. तरी विचारलं.

"बायकोचं गाणं. इंदुमतीबाई. वारल्या त्या. तिकडं लहान-मोठ्या बैठकी करायच्या. सोमण स्वतः मागं तंबोऱ्याला बसायचे. घरी रियाज चालायचा, तो सगळा यांनी कॅसेटवर धरून ठेवलेला. मला म्हणाले, 'इतकी वर्षं ही समोर बसायची हो. आता उजवीकडं सरकून बसते. भिंतीला लागून. मला तिला तसं बघवत नाही.'" मिहिर थांबला. "म्हणजे ऐकवत नाही. ते 'बघवत' म्हणाले."

चाचांनी हेडफोन टेबलावर ठेवला.

"कॅसेट कुठायत?" चाचांनी विचारलं.

"तेच तर! बाईंच्या श्राद्धाला पिशवी घेऊन घाटावर गेले आणि कृष्णेत सोडल्या. चाळीसेक होत्या. मी म्हटलं, काका, मला द्यायच्या, कॉम्प्युटरवर घेऊन दिल्या असत्या. तर म्हणाले, कुणासाठी?"

तो हसायला गेला. अर्ध्यावरच राहिला…

बाहेर कुणीतरी नवा तंबोरा जुळवत होतं. एकच तार परत परत.

"तू दुरुस्त करून दिलास," चाचा म्हणाले, "तेव्हा त्यांना समोर बसवून ऐकवलंस?"

"कुरिअर केला."

"आमच्या दुकानात काय करतात?"

"ते इथं, चाचा. मी देशभर पाठवतो. कोण कुणाला बोलावणार?"

"तपासायला त्यांनी काही दिलं हुतं?"

मिहिर जरा चाचरला. "डब्यात एक कॅसेट होती. चिठ्ठी होती, 'यावर ऐकून बघावे.' पण माझी तपासायची ठरलेली गाणी आहेत. आणि कॅसेट वाजवायला माझ्याकडं यंत्र कुठाय?"

"ती पण टाकलीस?"

"नाही… असेल इथंच."

डब्याच्या झाकणात एक कप्पा होता. त्यातून कॅसेट निघाली. वर निळ्या शाईत बारीक अक्षर. 'इंदू. तोडी. घरी.'

चाचांनी ती दोन्ही हातांनी घेतली.

मग ते उठले. फळीवरचा जुना डेक खाली काढला, पुसला, वायर लावली. कोपऱ्यातल्या डब्यातून कापूस घेतला. ऑपरेशननंतर डोळे पुसायला आणलेला होता. त्याचा बोळा केला, चांगला घट्ट.

"डावा कान पुढं कर."

"काय करताय?"

"कर."

मिहिरनं कान पुढं केला. चाचांनी बोळा आत दाबून बसवला. वरून हेडफोन घातला. कॅसेट लावली.

मला अर्थातच काही ऐकू येत नव्हतं. मी मिहिरचा चेहरा बघत होतो.

"काय येतंय?"

"कुणीतरी खाकरलं. पुरुषाचा आवाज… 'हं, झालं सुरू. गा.'"

"तेच सोमण. पुढं?"

"तंबोरा… एकच तंबोरा आहे."

"दोन हायत. एक त्यांचा, एक बाईंच्या शिष्येचा. बाई मधे." चाचा वाकले. "बाई कुठं बसलीय?"

मिहिरनं डोळे मिटले. तयार कान होता त्याचा, खोटं कशाला बोलू. त्यानं उजवा हात उचलला आणि बाजूला नेला, आणखी बाजूला, आणि तो दुकानाच्या भिंतीला लागला…

हात तिथंच राहिला.

चाचांनी त्याच्या डोक्यावरून हेडफोन उतरवला. टेबलावर उलटा ठेवला, उजव्या वाटीचे स्क्रू काढले. डाग द्यायचा कावीया तापत ठेवला. खणातून दोन-तीन रेझिस्टर घेतले, एकेक उजेडात धरून रंगाचे पट्टे बघितले. एक निवडला. ऑपरेशननंतर त्यांची नजर अजून पुरती बसली नव्हती, म्हणून डाग द्यायला वेळ लागला. डाग ओबडधोबड पडला. अगदी फोटोतल्यासारखा.

मग त्यांनी रीळ काढलं. पांढरा, बारीक, सुती दोरा. तंबोऱ्यात तारेखाली घोडीवर घालतात तो. या गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही तो ओळखता येतो. मिहिर याच गल्लीत वाढला. मी इथं चाळीस वर्षं राहतो.

चाचांनी दोरा जोडावर गुंडाळला. शेवटी गाठ मारून दातानं तोडला.

"तुझ्यासमोर धा वेळा तरी बांधलाय," ते म्हणाले. "नळी आत हलते, वाजते. हा वाजत न्हाई."

मिहिर दोऱ्याकडं बघत होता.

वाटी बसली. स्क्रू अर्धेच. हेडफोन पुन्हा डोक्यावर. कॅसेट मागं घेतली.

"आता?"

मिहिरनं हात उचलला. तो भिंतीकडं गेला नाही. हळूहळू पुढं आला… आणि नाकासमोर थांबला. बोटं उघडीच राहिली, समोर कुणीतरी बसल्यासारखी.

"समोर," तो म्हणाला.

"तंबोरे?"

"दोन."

त्यानं ते सगळं ऐकलं. चाचांनी थांबवलं नाही. बाजू संपली, डेकचं बटण खटकन वर आलं, तरी तो तसाच बसून होता. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायचं त्याच्या लक्षात नव्हतं.

"तुम्ही केलेलं होतं," तो शेवटी म्हणाला.

"अकरा वर्सं झाली. असाच डबा घेऊन आले हुते. म्हणाले, हेडफोन बिघडला, इंदू उजवीकडं सरकली. मी तपासला. ठणठणीत."

"मग?"

"मग कापूस घातला. माझ्या डाव्या कानात. तवा कळलं, हेडफोन न्हाई, त्यांचा डावा कान मंदावलाय."

"त्यांना सांगितलं नाही?"

"बाईला जाऊन महिना झाला हुता." चाचा कावीया पुसत होते. पुसून झाला तरी पुसत होते. "म्हटलं, व्हय, हेडफोनच बिघडलाय. करून देतो."

"खोटं बोललात."

"व्हय."

मिहिरचा आवाज चढला. चिडला होता, आणि चिडायला त्याला कुणीतरी हवं होतं. "मग आत एक चिठ्ठी तरी ठेवायची! सोमणांसाठी केलंय, काढू नये. चार शब्द! मला स्वप्न पडणार होतं का?"

मला वाटलं, आता चाचा त्याला झाडणार. दोरा दिसत नव्हता काय, असं म्हणणार. नाहीतर, विचारायला तोंड नव्हतं काय, एक फोन करायचा…

चाचांनी मान खाली घातली.

"वडील भोपळ्याच्या आत नाव लिहीत नव्हते. मी पण लिहिलं न्हाई. वाटायचं, उघडणाऱ्याला कळंल." त्यांनी कावीया खाली ठेवला. "चुकलं माझं. त्यांना सांगायला पाहिजे हुतं. निदान आत तरी लिहायला पाहिजे हुतं."

अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसानं आपल्या शिष्यासमोर असं म्हणावं, हे मी दुसऱ्यांदा बघितलेलं नाही. मिहिरचा राग जागच्या जागी विझला. आता त्याला चिडायलाही कुणी उरलं नाही.

तेव्हा मीही बोललो. "तुझं नाव मीच सुचवलं होतं त्यांना."

दोघांनी माझ्याकडं बघितलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

"चाळीस कॅसेट, चाचा," मिहिर म्हणाला. "त्यांचा कान जेवढा होता तेवढाच आहे. काही गेलेलं नाही. त्यांनी उगाच…"

त्यानं डेककडं बघितलं.

"हे त्यांना सांगितलं, तर त्या चाळीस कॅसेटचं काय होईल त्यांच्या मनात? आणि नाही सांगितलं, तर कान गेला असं समजूनच मरतील. एक कॅसेट इथं आहे, तिच्यात बाई समोर बसतात, आणि त्यांना माहीतच नाही." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "मी काय करू?"

चाचा डबा भरत होते. कॅसेट कप्प्यात ठेवली. हेडफोन ठेवला. उजव्या वाटीचे स्क्रू अर्धेच होते. दोऱ्याचं रीळ बघितलं, एक वावभर तोडून घडी केली आणि तेही कप्प्यात सरकवलं.

"हे कुरिअर करू का? सोबत पत्र लिहितो. सगळं सविस्तर लिहितो, माफी मागतो…"

चाचांनी डब्याचं झाकण लावलं.

"फोन करू? फोनवर नीट सांगता येईल. किंवा असं करतो, हेडफोनमध्ये सुधारणा केलीय म्हणतो. नवीन काहीतरी बसवलंय म्हणतो. तुम्ही म्हणाला होता तसं…"

चाचांनी त्याच्याकडं बघितलं. मिहिरनं ते वाक्य सोडून दिलं.

"तुम्ही येता का बरोबर?"

चाचांनी मान हलवली. नाही.

मग त्यांनी डेकसुद्धा उचलला, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळला आणि डब्याशेजारी ठेवला. सोमणांकडचा डेक अजून चालू असेल का, कुणास ठाऊक. स्क्रू ड्रायव्हर पुसून मिहिरच्या खिशात खोचला. तो दुकानातला जुना होता, लाकडी मुठीचा. मिहिर शिकायला होता तेव्हा हाच वापरायचा.

मिहिर उठला. डबा छातीशी धरला, डेक काखेत घेतला. उंबऱ्यापाशी तो थांबला. चाचा मागून काहीतरी बोलले. ते त्याला नीट ऐकू आलं नाही.

"काय म्हणालात?"

त्यानं मान वाकडी केली आणि उजवा कान पुढं काढला.

आणि तशीच ती मान धरून तो उभा राहिला. मघाची नक्कल त्याला आठवली असावी. मला तर आठवलीच. त्याचा चेहरा पडला. त्यानं घाईघाईनं डबा एका हातात घेतला आणि दुसरा हात डाव्या कानाकडं नेला, कापूस काढायला.

चाचांनी त्याचं मनगट धरलं.

"राहू दे," ते म्हणाले. "सोमणांच्या समोर बसंपर्यंत काढू नकोस."